सर्वांत जास्त काळ चाललेली मालिका कोणती, आणि ती संपत का नाही?

प्रश्न असा आहे: जगात सर्वांत जास्त काळ चाललेली टीव्ही किंवा रेडिओ मालिका नेमकी कोणती, प्रत्येक यादीत वेगळंच नाव का सापडतं, आणि इतकी वर्षं लेखकांना सुचतं तरी काय? रोजच्या मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिणं हा माझा धंदा. त्यामुळे पहिल्या दोन भागांची उत्तरं पटकन देतो आणि तिसऱ्यावर जरा रेंगाळतो. खरी गंमत तिथेच आहे.

कथा असलेली आणि अजून चालू असलेली मालिका विचारत असाल तर उत्तर ‘द आर्चर्स’. बीबीसी रेडिओवरची ही मालिका. मे १९५० मध्ये तिचे काही चाचणी भाग फक्त इंग्लंडच्या मध्य भागात ऐकवले गेले आणि १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर सुरू झाली. अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, तिथली शेतकरी कुटुंबं, आणि दिवसाला तेरा-चौदा मिनिटांचा एक भाग. वीस हजारांहून जास्त भाग झाले, अजून चालू आहे.

जुन्या याद्यांमध्ये मात्र पहिलं नाव ‘गायडिंग लाइट’चं दिसतं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. ही अमेरिकन मालिका २५ जानेवारी १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ ला संपली. म्हणजे बहात्तर वर्षं आणि वर सात-आठ महिने. आर्चर्सने ही मुदत ओलांडली ती २०२३ च्या उत्तरार्धात. त्याआधी छापलेली यादी आणि आजची यादी जुळत नाही याचं अर्धं कारण एवढंच आहे. दोन्ही माध्यमं धरायची नसतील आणि फक्त टीव्हीवरची कौटुंबिक मालिका हवी असेल, तर ब्रिटनची ‘कोरोनेशन स्ट्रीट’. ती ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली. तिच्यापुढे होती अमेरिकेची ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’. ती १९५६ पासून चालू होती, सप्टेंबर २०१० मध्ये बंद झाली आणि विक्रम कोरोनेशन स्ट्रीटकडे आला.

कथा नसलेले कार्यक्रम मोजायला घेतले की सगळा हिशोबच बदलतो. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘मीट द प्रेस’ हा मुलाखतींचा कार्यक्रम नोव्हेंबर १९४७ पासून चालू आहे. तिथल्याच नॅशव्हिल शहरातल्या डब्ल्यूएसएम रेडिओ केंद्रावरून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा संगीताचा कार्यक्रम नोव्हेंबर १९२५ पासून ऐकवला जातो. आपल्याकडे दूरदर्शनचं ‘कृषी दर्शन’ २६ जानेवारी १९६७ चं. एकाच सूत्रधाराचा विक्रम काढायचा तर पॅट्रिक मूर. ‘द स्काय अ‍ॅट नाइट’ हा आकाशनिरीक्षणाचा मासिक कार्यक्रम त्यांनी एप्रिल १९५७ मध्ये सुरू केला आणि डिसेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवला. मधे एकच भाग चुकला, जुलै २००४ चा, तोही अन्नातून विषबाधा झाली म्हणून.

दुसरा घोळ वर्षं आणि भाग यांचा. ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ ही ब्रिटिश विनोदी मालिका १९७३ ते २०१० अशी सदतीस वर्षं चालली. एवढ्या वर्षांत भाग झाले २९५, आणि ते सगळेच्या सगळे रॉय क्लार्क या एका माणसाने लिहिले. उलट ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ एवढीच चालली, पण भाग तीन हजारांच्या पुढे गेले. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ जुलै २००८ मध्ये सुरू झाली आणि चार हजारांवर गेली. क्लार्कसाहेबांचे सदतीस वर्षांचे भाग रोजच्या मालिकेला एक वर्ष धड पुरणार नाहीत. मला दोघांबद्दलही आदर आहे, पण ही दोन वेगळी कामं आहेत, एका यादीत बसवायची नव्हेत.

आणखी एक भानगड सलगपणाची. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एक चित्रपट येऊन गेला आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. ही साठ वर्षांची मालिका म्हणायची की दोन वेगळ्या? मी सलग चाललेल्यांनाच दीर्घायुषी म्हणतो, कारण खंड पडला की कामाचं स्वरूपच बदलतं. नवीन माणसं येतात, सावकाश विचार करतात, जुन्यातलं हवं तेवढं ठेवतात. सलग मालिकेत ही चैन नसते. परवाचा भाग आज लिहायचा असतो.

आता तिसरा भाग. लोकांना वाटतं की कथा सुचणं अवघड असतं. खोटं आहे. कथा या धंद्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. लग्न, वारसा, गैरसमज, आजार, जमिनीचा वाद, घरात आलेला अनोळखी माणूस: चार लेखक एका टेबलाशी बसवा, संध्याकाळपर्यंत सहा महिन्यांचे ट्रॅक, म्हणजे कथेचे धागे, पडतात. अवघड असतो तो काळ. मालिकेतली माणसं म्हातारी होणार की नाही, तिथला आजचा दिवस आणि ऐकणाऱ्याचा आजचा दिवस एकच आहे की नाही, हे पहिल्या काही महिन्यांत कळत नकळत ठरून जातं आणि नंतर बदलता येत नाही. मालिका पन्नास वर्षं चालणार की पाच, ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आर्चर्सने काळ जसाच्या तसा घेतला. प्रसारण मार्चमध्ये असेल तर अँब्रिजमध्ये मार्च, मेंढ्या व्यायलेल्या. ऑगस्टमध्ये कापणी. यामागे साहित्यिक विचार वगैरे नव्हता. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती, शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोचवायची होती आणि नुसती भाषणं कोणी ऐकत नव्हतं. बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एका शेतकऱ्याने सुचवलं की त्या काळी रेडिओवर गाजत असलेल्या ‘डिक बार्टन’ या साहसमालिकेसारखं काहीतरी शेतीवर करा. गॉडफ्री बेझली या निर्मात्याने ते मनावर घेतलं. सल्ला द्यायचा तर तो त्या आठवड्यातल्या कामाचा हवा, म्हणून कथेला पंचांग बांधलं गेलं. शिकवण्याची जबाबदारी १९७२ मध्ये अधिकृतपणे संपली, पण पंचांग राहिलं. लेखकाच्या दृष्टीने ही लॉटरी आहे. वर्षाची निम्मी चौकट शेती आपोआप भरून देते: पेरणी, पाऊस, जनावरांचे आजार, बाजारभाव, पिढ्यांमधला जमिनीचा तंटा. मालिकेत शेतीचा तपशील पाहणारा स्वतंत्र संपादक असतो, कारण एका वाक्यात खताचं नाव चुकलं तरी ऐकणारे शेतकरी सोडत नाहीत. आज कापणी सुरू झाली हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही, पण त्या कापणीत यंत्र बंद पडलं आणि दोन भावांचं भांडण उकरलं गेलं, हा भाग झाला.

खऱ्या काळाची किंमत मात्र मोजावी लागते, कारण नट मरतात. नॉर्मन पेंटिंग यांनी १९५० च्या चाचणी भागांपासून फिल आर्चरची भूमिका केली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जाईपर्यंत केली. मधल्या काळात त्यांनी टोपणनावाने या मालिकेचे हजारावर भाग लिहिलेही. ते गेले तेव्हा फिलच्या तोंडी दुसरा आवाज घातला गेला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये मालिकेत फिल त्याच्या घरी खुर्चीत बसून संगीत ऐकता ऐकता गेला. बायको स्वयंपाकघरातून आली तेव्हा रेकॉर्ड चालूच होती. लेखक म्हणून मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा अभ्यासलाय. फिलचा एकही संवाद उपलब्ध नाही, नट हयात नाही, मरणाचा प्रसंग तर हवा. मग ऐकणाऱ्याला खोलीत ठेवायचं आणि बोलणारा फक्त दुसऱ्या बाजूचा. रेडिओला हे जमतं. टीव्हीवर अशा वेळी आम्ही फोनवरचा सीन लिहितो, पात्राला परगावी धाडतो, किंवा फोटोला हार घालतो.

त्याच मालिकेत जून स्पेन्सर यांनी पेगीचं काम चाचणी भागांपासून केलं आणि २०२२ मध्ये वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी निवृत्ती घेतली. होय, एकशे तीन. आवाज चेहऱ्यापेक्षा खूप सावकाश म्हातारा होतो, म्हणून रेडिओमालिका टीव्हीपेक्षा सहज टिकतात. अमेरिकेत ‘मा पर्किन्स’ या रेडिओमालिकेतली प्रौढ विधवेची भूमिका व्हर्जिनिया पेन यांनी सुरू केली तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आणि १९३३ ते १९६० अशी सत्तावीस वर्षं त्याच करत राहिल्या. पडद्यावर हे स्वप्नातही शक्य नाही.

रेडिओचा खर्चही कमी. आर्चर्सच्या स्टुडिओत शेताच्या फाटकाच्या आवाजासाठी इस्त्रीचं टेबल वाजवतात आणि कोकरू जन्मल्याचा चिकट आवाज दही आणि ओल्या टॉवेलमधून काढतात. गावातली कित्येक माणसं अशी आहेत की त्यांचा उल्लेख वर्षानुवर्षं होतो, पण ती बोलत कधीच नाहीत. त्यांना नट लागत नाही, मानधन लागत नाही, आणि गाव मात्र भरलेलं वाटतं. ही युक्ती मी टीव्हीसाठीही वापरतो. शेजारच्या कोणा काकूंचं नाव दर आठवड्याला घ्यायचं, त्यांना दाखवायचं कधीच नाही.

कोरोनेशन स्ट्रीटनेही खरा काळच घेतला. टोनी वॉरन या तरुण लेखकाची ती कल्पना, आणि सुरुवातीला मंजुरी फक्त तेरा भागांची. पहिल्याच भागात केन बार्लो हा कॉलेजला जाणारा कामगाराचा मुलगा घरी जेवायला बसलाय. टेबलावर सॉसची बाटली तशीच ठेवली आहे, घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, आणि याला त्याची लाज वाटते. वडिलांच्या ते लक्षात येतं. बस, एवढाच सीन. पण त्यात शिक्षणाने घरापासून तुटत चाललेला मुलगा, दुखावलेला बाप आणि अख्ख्या गल्लीचा सामाजिक दर्जा बसला आहे. विल्यम रोश यांनी तो केन तेव्हा केला आणि वयाची नव्वदी ओलांडल्यावरही करत राहिले. एकाच भूमिकेत सर्वांत जास्त काळ राहिलेला टीव्ही नट म्हणून गिनेसमध्ये त्यांची नोंद आहे. मला सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं की मालिका केनची नाही. ती गल्लीची आहे. केन गेला तर गल्ली राहील. शीर्षकात माणूस नसून पत्ता असणं ही लेखनातली मोठी दूरदृष्टी, मग ती ठरवून आलेली असो वा नशिबाने.

दुसरा मार्ग काळ गोठवण्याचा. जपानची ‘सझाए-सान’ ही व्यंगचित्रमालिका ५ ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी दिसते. एका भागात तीन छोट्या गोष्टी. सर्वांत जास्त काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका हा विक्रम तिच्याकडे आहे. तिथे ऋतू बदलतात, सण येतात, पण कोणाचं वय वाढत नाही. शाळकरी काट्सुओ पन्नासहून जास्त वर्षं शाळेतच आहे, आणि घरातला फोन अजून डायल फिरवायचा. मिदोरी काटो यांनी सझाएला पहिल्या भागापासून आवाज दिला आहे. बाकीच्या पात्रांचे आवाज एकेक करून बदलत गेले, पण चित्र तेच असल्यामुळे बदल बोचत नाही. जग जुन्या काळात थांबवून टाकलं की लेखकाचं एक मोठं ओझं उतरतं: नवीन काही दाखवायची सक्तीच नाही.

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेने काळ गोठवला, पण अर्धवट. डिसेंबर १९८९ पासून त्यातला मुलगा बार्ट दहा वर्षांचा आहे आणि त्याच्या भोवतालचं जग मात्र पुढे सरकतं, नवे फोन येतात, नवे राष्ट्राध्यक्ष येतात. मग गणित फसतं. १९९१ च्या एका भागात त्याचे आईवडील १९७४ मध्ये शाळेत भेटले असं दाखवलं होतं. २००८ पर्यंत ते अशक्य झालं, म्हणून त्या वर्षीच्या एका भागात त्यांचं तारुण्य उचलून १९९० च्या दशकात ठेवलं. जुने प्रेक्षक खवळले. माझ्या मते लेखकांपुढे दुसरा रस्ताच नव्हता. पूर्ण गोठवा नाहीतर पूर्ण वाहू द्या. मधला रस्ता घेतला की दर पंधरा वर्षांनी कोणाचं तरी लग्न नव्या तारखेला लावावं लागतं. तरीही २९ एप्रिल २०१८ ला या मालिकेने ‘गनस्मोक’ या जुन्या अमेरिकन मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला, तेव्हा प्रेक्षकांनी माफ केलं असंच समजायचं.

तिसरा मार्ग म्हणजे माणूस बदलण्याची सोय कथेतच करून ठेवणं. याचं सगळ्यात धीट उदाहरण डॉक्टर हू. पहिले नायक विल्यम हार्टनेल यांची तब्येत १९६६ मध्ये ढासळली. मालिका जोरात होती, बंद करायची नव्हती. मग लेखकांनी सरळ ठरवलं की हा परग्रहावरचा माणूस आहे, मरायला टेकला की याचं शरीर नवं होतं. ऑक्टोबर १९६६ मध्ये हार्टनेल जमिनीवर पडले आणि उठले ते पॅट्रिक ट्राउटन. अडचणीतून निघालेली पळवाट पुढे मालिकेचा कणा झाली. नवा नट येणं ही आता बातमी असते, संकट नव्हे.

आपल्याकडचा लीप, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेणं, हा याचाच भाऊ. ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ जानेवारी २००९ ची. लीप घेत घेत पिढ्या बदलल्या, नायक-नायिका बदलल्या, नाव तेच राहिलं. लीपला लोक हसतात, पण त्यामागची गरज खरी आहे: मुख्य जोडीचं लग्न, गैरसमज आणि समेट झाल्यावर त्या दोघांकडे सांगण्यासारखं फार उरत नाही. लीप कसा घ्यावा यात मात्र फरक असतो. नवी पिढी जुन्या पिढीच्या एखाद्या न फिटलेल्या हिशोबातून उगवली पाहिजे. नुसतीच वीस वर्षं उडवली आणि सगळे चेहरे नवे आणले, तर प्रेक्षक त्याला नवीन मालिका समजतो आणि नवीन मालिकेइतकीच तीन आठवड्यांची संधी देतो.

चौथा प्रकार मला फार आवडतो, कारण त्यात कोणावरच भार पडत नाही. जर्मनीची ‘टाटओर्ट’ ही गुन्हेमालिका नोव्हेंबर १९७० पासून चालू आहे, बाराशेहून जास्त भाग झाले. प्रत्येक भाग दीड तासाचा, रविवारी रात्री सव्वाआठला. मेख अशी की एआरडी हा प्रादेशिक वाहिन्यांचा संघ आहे आणि प्रत्येक वाहिनी आपापल्या शहरातले आपापले तपास अधिकारी घेऊन भाग बनवते. एक जोडी थकली, निवृत्त झाली, तरी बाकीची शहरं चालूच. सुरुवातीची शीर्षकफीत मूळची सत्तरच्या दशकातली, तीच अजून ओळख सांगते. पोलीस ठाणं, इस्पितळ, न्यायालय अशा जागांचा हाच फायदा. दार उघडतं आणि कथा स्वतः चालत आत येते. अमेरिकेची ‘जनरल हॉस्पिटल’ १९६३ पासून आहे, आणि आपली ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू होऊन वीस वर्षं चालली ती याच जोरावर.

आता गायडिंग लाइटकडे परत जातो, कारण ती यातल्या कुठल्याच मार्गात नीट बसत नाही. अर्ना फिलिप्स या लेखिकेने ती एका पाद्रीभोवती रचली होती. त्याच्या खिडकीतला दिवा म्हणजे शीर्षकातला प्रकाश. पुढे पाद्री गेला, बाउअर नावाचं जर्मन वंशाचं कुटुंब केंद्रात आलं, गाव बदललं, मग पुन्हा बदललं. १९५२ ते १९५६ या काळात तर तेच नट तोच भाग एकदा टीव्हीसाठी थेट करत आणि त्याच दिवशी रेडिओसाठीही. शेवटी २००९ मध्ये पाहिलं तर १९३७ मधलं नाव सोडून काही उरलं नव्हतं. तरी मी तिला एकच मालिका मानतो, कारण एकदम काही बदललं नाही. ज्या वर्षी पाद्री मागे पडला त्या वर्षी बाउअर ओळखीचे झालेले होते. बदल एका वेळी एकच, आणि तो होत असताना बाकी सगळं ओळखीचं, हा दैनंदिन मालिकेचा न लिहिलेला नियम आहे.

रोजच्या कामाबद्दल थोडं. आधी ट्रॅक ठरतो, म्हणजे पुढच्या काही महिन्यांची दिशा. त्यातून आठवड्याचे वन-लाइनर, म्हणजे कुठल्या भागात काय घडणार ते थोडक्यात, मग पटकथा, मग संवाद. ही माणसं वेगवेगळी असतात. शूट झालेल्या भागांचा साठा म्हणजे बँक. बँक असेल तर एखादा सीन नीट सुधारता येतो. बँक संपली की सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होऊन रात्री एडिटला जातं, आणि तशा भागात पात्रं एकाच दिवाणखान्यात उभी राहून एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगताना दिसतात. प्रेक्षक म्हणतो पाणी घातलंय. पाणी नव्हे, उसंत नव्हती.

नोंदवही हा दुसरा आधार. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी, कोणी कोणाला काय सांगितलेलं आहे आणि काय लपवलेलं आहे. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. वयाची चूक प्रेक्षक पोटात घालतो. पण ज्या पात्राला रहस्य माहीत आहे त्याने माहीत नसल्यासारखं वागलं की लगेच पकडतो. आर्चर्सचं दप्तर पूर्वी हजारो कार्डांवर होतं. माझ्याकडे साधी तक्ता-फाइल असते: आडव्या ओळीत पात्रं, उभ्या ओळीत गुपितं. नवीन संवादलेखक आला की त्याला मी आधीचे भाग बघायला सांगत नाही, ही फाइल वाचायला देतो.

सवयीची ताकद किती असते त्याचा एक दाखला. २२ सप्टेंबर १९५५ च्या रात्री ब्रिटनमध्ये पहिली व्यावसायिक वाहिनी, आयटीव्ही, सुरू होणार होती. त्याच संध्याकाळी आर्चर्समध्ये फिलची नवपरिणीत बायको ग्रेस जळत्या तबेल्यातून घोडा वाचवायला आत शिरली आणि त्यात गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नव्या वाहिनीच्या बरोबरीने ग्रेस होती. मी हा प्रसंग लेखनातला विजय म्हणून सांगत नाही. एका पात्राचा बळी दिला तर आवाज होतोच. तो परिणाम झाला कारण आधीची जवळपास पाच वर्षं त्या वेळेला तिथे फारसं काही घडलेलं नव्हतं. दर आठवड्याला कोणाला तरी मारणाऱ्या मालिकेला हे जमत नाही, आणि टीआरपी घसरला की वरून पहिली मागणी नेमकी हीच येते.

मग मालिका संपतात कशाने? कथा आटल्याने क्वचितच. अशा मालिकांना पडलेलं ‘सोप’ हे नाव साबण कंपन्यांच्या जाहिरातींवरून आलं आणि गायडिंग लाइट तर प्रॉक्टर अँड गॅम्बलच्याच मालकीची होती. दुपारी घरी असणारा प्रेक्षक कामावर जाऊ लागला, वाहिन्या वाढल्या, जाहिरातीचा पैसा विभागला गेला. २००८ मध्ये गायडिंग लाइटच्या निर्मात्यांनी खर्च वाचवायला मोठे कॅमेरे सोडून हातातले डिजिटल कॅमेरे घेतले आणि न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात खऱ्या घरांत, खऱ्या रस्त्यांवर शूट सुरू केलं. हेतू बरा होता, पण स्टुडिओच्या त्या उजळ, स्थिर चित्राला सरावलेल्या प्रेक्षकाला हे आपलं गाव वाटेना. एका वेळी एकच बदल हा नियम तिथे मोडला असं मला वाटतं. दीडेक वर्षात मालिका आटोपली. तसंच २५ नोव्हेंबर १९६० ला सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने उरलेल्या सगळ्या दैनंदिन रेडिओमालिका एका दिवसात बंद केल्या, त्यात मा पर्किन्सही गेली. सत्तावीस वर्षांचा आवाज होता, श्रोतेही होते, पण स्थानिक केंद्रांना तो वेळ स्वतःसाठी हवा होता.

जर्मनीची ‘लिंडेनश्ट्रासे’ डिसेंबर १९८५ पासून मार्च २०२० पर्यंत चालली, १७५८ भाग झाले, आणि ती खर्चाचं कारण देऊनच थांबवली. ऑस्ट्रेलियाची ‘नेबर्स’ १९८५ ला सुरू झाली, ब्रिटनमधल्या वाहिनीने पैसे देणं थांबवलं म्हणून २०२२ मध्ये संपली आणि अ‍ॅमेझॉनने पैसे घातल्यावर २०२३ मध्ये परतली. लेखक तेच, गल्ली तीच, फक्त पैसे देणारा वेगळा.

अ‍ॅपवर सगळं एकदम उपलब्ध असण्याच्या दिवसांत अशी मालिका जन्माला येईल का, असंही लोक विचारतात. ठरलेली वेळ गेली तर सवय कशी लागणार, ही शंका रास्त आहे. पण ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’कडे बघा. नोव्हेंबर १९६५ पासून एनबीसीवर असलेली ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये पीकॉक या अ‍ॅपवर गेली. तिथे पूर्ण सीझन एकदम टाकायला कोणी अडवलं नव्हतं. त्यांनी जुनाच शिरस्ता ठेवला: सोमवार ते शुक्रवार, रोज एक नवीन भाग.